जितीचा दहावा

अमरावती, पौष वद्य पंचमी, शके १७८५

जमुनेच्या बाबांना मनकर्णेचा नमस्कार. मी इकडे खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

काल नत्थुजी गाडीवाला दादाच्या मळ्यात पाणी प्यायला थांबला होता. अकोल्याला कापूस टाकून रिकामा परत येत होता. कुठे तरी समुद्रापार लढाई पेटली, कापसाला सोन्याचा भाव आला आणि इकडे नत्थुजीच्या बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं आली, असा हा काळ. पाणी पिऊन तोंड पुसता पुसता तो म्हणाला, "बाई, जमुनीचं लगन ठरलं म्हनतात ना! दर्यापूरच्या खुशालरावाच्या पोरासंग. लय मोठं घर हाये. तुमाले तं ठाऊकच असन." मी म्हटलं, ठाऊक आहे. तुमची अब्रू राखली. तो गेल्यावर मात्र हातातली शेवंतीची परडी कुठे ठेवली ते संध्याकाळपर्यंत आठवलं नाही.

पोटच्या मुलीचं लग्न आईला गाडीवाल्याकडून कळावं?

राग आला आहे, पण भांडायला लिहीत नाही. एवढंच विचारते, की मला न्यायला गाडी कधी पाठवता? कन्यादान एकट्या बापाचं नसतं. बाप मुलीचा हात धरतो, आई त्यावर पाण्याची धार धरते, तेव्हा ते दान होतं. आपल्या लग्नात माझ्या आईने धार धरली, तर निम्मं पाणी तुमच्या गुडघ्यावर सांडलं होतं.

माझ्या तोंडाची तुम्हाला चिंता आहे, हे मी जाणून आहे. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग उठला तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, काही नाही, ऊन लागलं असेल. मग ओठ गेला, मग हात. कोड म्हणजे महारोग नव्हे. बोटं झडत नाहीत, कोणाला लागत नाही, असं वैद्याने तुमच्यादेखत सांगितलं होतं. तरी तुम्ही मला दादाच्या मळ्यात आणून सोडलंत. बरं वाटलं की नेतो, म्हणालात. जमुनेला तर गाडीतून खाली उतरूही दिलं नाहीत. सहा वर्षांची होती. आता दहावं सरलं असेल.

मी पदर पुढे ओढून बसेन. हातांना हळद माखीन; लग्नघरात कोणाचे हात पिवळे नसतात? धार धरून झाली की मागच्या दाराने निघेन. जेवायलासुद्धा थांबणार नाही.

नांदगावच्या खंडेश्वराला आपण नवं जोडपं म्हणून गेलो होतो. गुरवाने मला गाभाऱ्याबाहेर थांबायला सांगितलं, तर तुम्ही त्याच्यावर उखडलात. "पयले पिंडीखालची पार्वतीची शाळुंका काढून दाखव, मंग माह्या बायकोले बाहीर काढ." तेव्हा तुम्ही दुसऱ्याच्या मळ्यात मोट हाकत होतात, आणि शंकराचं अर्धं अंग पार्वतीचं आहे हे कोणालाही तोंडावर सांगत होतात. आबा म्हणाले होते, जावई मला खरा माणूस मिळाला.

इकडे वहिनी मायेने वागते. काळजी नसावी.

मनकर्णा


अमरावती, माघ शुद्ध दशमी

जमुनेच्या बाबांना नमस्कार.

तुमचा कागद मिळाला. चार ओळी. या गावच्या अंबाबाईच्या देवळातून रुक्मिणी निघाली, तिने एक पत्र पाठवलं आणि देव रथ जुंपून धावत आला, असं आबा सांगायचे. माझ्या पत्राला चार ओळी आल्या.

अक्षर मात्र सुधारलं आहे. आबांचे डोळे गेल्यावर पोथी वाचून दाखवायला म्हणून त्यांनी मला अक्षरं शिकवली, आणि लग्नानंतर ती मी तुम्हाला शिकवली. माळ्याची बायको नवऱ्याला धुळीत गिरवायला बसवते म्हणून सगळी आळी हसली होती. त्या अक्षरांवर तुम्ही आधी आडत्याचे कारकून झालात, मग कापसाचे दलाल. आणि त्याच अक्षरांत आज मला लिहिता, की तू वारलीस असं मी खुशालरावांना सांगितलं आहे.

वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. वळण सुबक आहे.

आई कोडाची म्हटल्यावर मुलीला कोण पत्करणार, हे तुमचं म्हणणं. ते खोटं नाही, म्हणूनच फार लागलं. पण दुसरी वाट होती. आई अंथरुणाला खिळली आहे म्हणायचं आणि दादा-वहिनीने, मामा-मामीने, जोडीने कन्यादान करायचं. किती तरी घरांत करतात. तुम्हाला ते नको. कोडाच्या घरचा मामा मांडवात नको, आणि दान तुमच्याच हातचं झालेलं अकोल्याच्या सगळ्या बाजाराला दिसायला हवं. म्हणून विधुरासारखी कमरेला सुपारी लावून बसणार. बायकोच्या जागी सुपारी!

रामालाही यज्ञाला बसायचं तर शेजारी सीता लागली. सीतेला त्यानेच रानात सोडलेलं. मग त्याने तिची सोन्याची मूर्ती घडवून शेजारी ठेवली. लहानपणी मी आबांना विचारलं होतं, सोनं आटवून मूर्ती घडेपर्यंत रथ जाऊन आला नसता का? आबा म्हणाले, निदान त्या मूर्तीला तोंड सीतेचं होतं, बाई. बघणाऱ्याला कळत होतं की ही जागा कोणाची आहे. सुपारीला तोंडच नसतं. तुम्हाला तेच बरं पडणार.

खुशालरावांना काय सांगितलंत ते कळलं. जमुनेला काय सांगितलंत?

मनकर्णा


अमरावती, फाल्गुन शुद्ध चतुर्थी

जमुनेच्या बाबांना.

उत्तर तुम्ही दिलं नाहीत, नत्थुजीने दिलं. या खेपेला त्याने पाणी मागितलं नाही. बांधावर येऊन बसला. म्हणाला, "बाई, म्या अकोल्यात मोर्णेच्या घाटावर होतो. मले सांगू दे, नाई तं माह्या पोटात राहीन ते."

खुशालरावांनी विचारलं म्हणे, बाई वारल्या कुठे, दिवस कुठे घातले. तुमच्याकडे उत्तर तयार होतं. तीर्थाला जाताना वाटेत पटकीने गेली, देह हाती लागला नाही, म्हणून दिवस राहिले. देह नाही म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा केलात. त्याला माझं हिरवं लुगडं नेसवलंत, माझी पेटी तिकडेच आहे. मग अग्नी दिलात आणि दहाव्याला पिंड मांडलात. आणि हे सगळं होत असताना जमुनेला समोर उभं केलंत.

"पोट्टी रडली नाई बाई. तिनं इतकंच विचारलं, माह्या मायचं तोंड कोठी हाये याच्यात?" हे सांगताना नत्थुजीच रडला.

पिंडाला कावळा शिवला नाही. मोर्णेच्या काठी एरवी कावळ्यांना तोटा नाही, पण त्या दिवशी झाडावर बसून राहिले. लोक म्हणाले, आईचा जीव पोरीत अडकला. तुम्ही मोठ्याने बोललात, पोरीला चांगल्या घरी देईन. तरी शिवेना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवला आणि सगळे घरी गेले. माझी इच्छा काय राहिली होती ते एवढ्या माणसांत त्या पाखरांनाच कळलं.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हरकत नाही. वहिनी मायेने वागते, असं मी लिहिलं होतं. ते तुम्ही नेण्याची वाट बघत असताना लिहिलं होतं. मी विहिरीजवळच्या खोपीत राहते. माझं ताट दाराशी ठेवतात. तरी आजवर माझ्या हातचे हार अंबाबाईच्या वाटेवर खपत होते, कारण लोक फुलांकडे बघतात, हातांकडे नाही. तुम्ही घातलेल्या दहाव्याची बातमी गावात आली आणि तेही थांबलं. मेलेल्या बाईचा हार देवीला कसा घालायचा? दादाने मला समोरून येताना पाहिलं की बैलाचं काही तरी काम काढतो.

मी जोशीबुवांना विचारून घेतलं, कुंकू लावू की पुसू? त्यांनी पंचांग उघडलं आणि मिटलं. मी लावते. सवाष्ण मेली तर तिला कुंकू लावूनच पोचवतात.

नत्थुजी परवा सरकी घेऊन दर्यापूरला निघणार आहे. मी त्याला गाडीत जागा ठेवायला सांगितलं आहे. खुशालरावांच्या दारात जाऊन फक्त पदर मागे सारायचा. बोलायचीही गरज नाही.

म.


अमरावती, ज्येष्ठ वद्य प्रतिपदा, शके १७८६

तुमचं कार्य निर्विघ्न पार पडलं. ते माझ्यामुळे पार पडलं, हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून इतक्या दिवसांनी लिहिते.

मी दर्यापूरला गेले होते. खुशालरावांच्या वाड्याबाहेर त्यांची बायको दुर्गाबाई कासाराकडून बांगड्या घेत होती. लहान मापाच्या, हिरव्या. कासाराला सांगत होती, "नाजूक हाये रे माही सून, मनगट इतकुसं. टोचन अशी देऊ नोको." ते ऐकलं आणि माझा पदर हातातच राहिला. तिने विचारलं, कोण गं बाई? मी दादाचं नाव सांगितलं. म्हटलं, फुलवाली आहे, अमरावतीच्या सहदेव माळ्याकडची, लग्नाचे हार-मुंडावळ्या कोणाला सांगितल्यात का? तिने मला सांगितल्या. विडा देताना तिला माझा हात दिसला. विडा तिने खाली ठेवला. "फुलं सहदेवाले ओवाले सांग बाई," म्हणाली, "तू नोको हात लावू. लगनाचं काम हाये." ती वाईट बाई नाही. कडूही बोलली नाही. पण त्या एका वाक्यात मला सगळं दिसलं. मी पदर सारला तर मुलीला त्या घरात जागा नाही, आणि दुसऱ्या कुठल्याही नाही. मी परत फिरले.

मुंडावळ्या मीच ओवल्या. जमुनेच्या कपाळावर ज्या होत्या त्या माझ्या हातच्या होत्या.

दादा मांडवाबाहेर टोपल्या उतरवून घेत होता, त्याने सांगितलं. तुम्ही जरीची पगडी घातली होती. कमरेला सुपारी होती. धार धरायला तुमच्या दुकानातल्या कोणाची तरी बायको उभी केलीत. जमुनेने भटजींना विचारलं, आई कुठे? भटजींनी सुपारी दाखवली. ती सुपारीकडे बघत राहिली. कार्य आटोपल्यावर भटजींनी ती सुपारी बाकीच्या सुपाऱ्यांत टाकून पिशवीत भरली, आणि जमुना तिथेच उभी होती.

मला आता तुमच्याकडून काही नको. मुलीचं सुखाचं व्हावं.


अमरावती, श्रावण शुद्ध अष्टमी, शके १७८७

जमुनेच्या बाबांस.

वर्षाने तुमचं पत्र आलं, आणि या खेपेला चार ओळी नाहीत, चार पानं आहेत. समुद्रापारची लढाई थांबली, कापूस कोणी विचारीना, तुमची आडत बसली, हे सगळं मला इथे दिसतंच आहे. ज्यांनी संत्री आणि मोगरा उपटून कापूस लावला होता ते पुन्हा दादाकडे कलमं मागायला येतात. नत्थुजीच्या बैलांची शिंगं उघडी झाली. मी त्या पानांत दुसरंच शोधत होते. ते तुम्ही शेवटच्या पानावर, कोपऱ्यात लिहिलं आहे.

जमुनेच्या मानेवर, केसांखाली, पांढरा डाग निघाला. दुर्गाबाई तिची वेणी घालत होती तेव्हा दिसला.

पुढचं मला वाचवेना, पण वाचलं. आधी तिला गोठ्याशेजारी निजवलं. मग ताटाऐवजी पानावर वाढू लागले. मग खुशालरावांनी माणूस पाठवून तिच्या आजोळी अमरावतीत चौकशी केली, आणि त्यांना सहदेव माळ्याच्या खोपीत तुमची मेलेली बायको सापडली. मुलीला त्यांनी नेसत्या लुगड्यानिशी अकोल्याला आणून घातलं आणि मुलाला दुसरी बायको बघितली. त्यांना मी शिव्या देऊ की तुम्हाला, मला ठरवता येत नाही. त्यांना फसवलं गेलं, हे तरी खरं आहे.

तुम्ही लिहिता, पोरीचं काय करू ते कळत नाही. दुकानातली माणसं तिच्या हातचं पाणी घेत नाहीत. ती दिवसभर माडीवर बसून असते.

काय करू म्हणजे? तिला आई आहे. पुढच्या गाडीने पाठवा. माझ्यासारखं तिला बरं वाटायची वाट बघायला लावू नका.

मनकर्णा


अमरावती, कार्तिक शुद्ध द्वितीया

जमुना इथे येऊन आता दोन महिने होतील. तुम्ही तिची खुशाली विचारली नाहीत, तरी सांगते.

ती मला भिते. नत्थुजीने गाडीतून उतरवलं तेव्हा तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं, उलटे आहेत का म्हणून. माझं तोंड आता बहुतेक पांढरं झालं आहे. तिच्या आठवणीतली आई सावळी होती. मी हात पुढे केला तर ती मोटेच्या खांबामागे गेली. नत्थुजीला म्हणाली, "मायले तं जाळलं होतं ना काका? म्या स्वोता पायलं." मी तिचं ताट खोपीच्या दाराशी ठेवते आणि लांब जाऊन बसते, तेव्हा ती जेवते. माझ्यासाठी वहिनी जे करायची तेच मी माझ्या मुलीसाठी करते, तिच्या भीतीपायी. दिवसा मी फुलं खुडते त्या वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला ती उभी राहून मला बघते. मी वर पाहिलं की निघून जाते. तुम्ही कधी तरी विचार करा, तिच्यापुढे काय जाळलंत तुम्ही.

आता तुमच्या पत्राचं. खुशालरावांनी तुम्हाला जातीपुढे उभं केलं. जितीचा दहावा घातला म्हणून तुमचं पाणी बंद झालं. आणि तुमच्या भटजींनी शास्त्रातून वाट काढली, की ज्याचे दिवस घातले तो जिवंत निघाला तर त्याने पुन्हा जन्म घ्यायचा. तुपाने न्हायचं, जातकर्म, बारसं, सगळे संस्कार मुळापासून, आणि शेवटी त्याच जोडीदाराशी पुन्हा लग्न. मग दोघांनी शेजारी बसून जातीला जेवण घातलं की दोष गेला. तुम्ही लिहिता, आता तुला मानाने डाव्या हाताला बसवीन. आणि वर दाखला देता, सतीनेही देह टाकला आणि पार्वती होऊन आली ती पुन्हा शंकरालाच वरली.

सती गेल्यावर शंकराने काय केलं ते तुम्ही लिहायचं विसरलात. ते मी लिहिते. यज्ञात जळलेला तिचा देह त्याने उचलला. तो काळा पडला असेल, ओळखू येत नसेल, त्याने तोंड फिरवलं नाही. तो देह खांद्यावर घेऊन तो वेड्यासारखा सगळीकडे फिरला, इतका की देवांनाही भीती वाटली. मग डोळे मिटून बसून राहिला. कोणाला कमरेला बांधून त्याने कार्यं उरकली नाहीत. म्हणून ती परत आली, आणि तीही स्वतः तप करून, स्वतः निवडून. शंकराने मेलेलीला खाली ठेवलं नाही. तुम्ही जितीला आणून ठेवलंत.

तुम्हाला आजवर वाटलं की अर्धं अंग देवाने दिलं, म्हणजे नवऱ्याने द्यायचं, आणि नकोसं झालं की परत घ्यायचं. आबांनी मला तसं शिकवलं नव्हतं. ती उठून गेली तर उरलेल्या अर्ध्याने उभंही राहता येत नाही, असं त्यांनी शिकवलं होतं. तुम्ही आता जातीपुढे उभे आहात, तुम्हाला ते कळत असेल.

तरी मी जन्म घेईन. भटजींना पाठवा. पण तो विधी अकोल्याला नाही, इथे, दादाच्या मळ्यात होईल, आणि जमुनेसमोर होईल. एक विधी तिला दाखवलात, तर हाही तिला दिसू दे.

मनकर्णा


अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

सूर्यभानजी,

नाव लिहिलं म्हणून दचकू नका. भटजींनीच सांगितलं, जन्म नवा झाला की मागचं नातं राहत नाही, ते पुन्हा जोडावं लागतं. तोवर तुम्ही मला परके आहात.

तुम्ही मळ्याच्या फाटकाबाहेर मारुतीपाशी थांबला आहात, असं दादाने सांगितलं. हळद आणि नवं लुगडं बरोबर आणलं आहे, तेही सांगितलं. तुम्हाला आत बोलावत नाही. चिठ्ठी दादाच्या हाती देते, तिथेच वाचा.

विधी पाहायला सगळी आळी जमली होती. तुपाची कासंडी डोक्यावर ओतली तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसल्या. भटजींनी मला हातपाय पोटाशी घेऊन, तान्ह्या मुलासारखं कांबळ्यावर निजायला सांगितलं. माझ्यासारख्या धडधाकट बाईने! ओठाला मध लावायला वहिनी पुढे आली, तिचा हात माझ्या पांढऱ्या ओठापर्यंत आला आणि तिथे थबकला. मग तिने लावला. मला रडू आलं. भटजी म्हणाले, रडा, रडा, मूल रडायलाच हवं. कोणी हसलं नाही मग.

बारशाला कानात नाव सांगायला आत्या हवी. आत्या कुठली आणणार? भटजी म्हणाले, घरातली कोणी बाई चालेल. वहिनी पुढे येऊ लागली. तेवढ्यात जमुना खांबामागून निघाली. मोर्णेकाठचा आणि हा, दोन्ही विधी तिने डोळ्यांत तेल घालून पाहिले होते. ती आली, माझ्या डोक्याशी उकिडवी बसली, माझ्या तुपकट केसांना तिने हात लावला. तिच्या मानेवरचा डाग आता कानापर्यंत आला आहे, तो मी पहिल्यांदा जवळून पाहिला. भटजींनी तिला सांगितलं, मनकर्णा म्हण. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि म्हटलं, "माय."

त्यानंतर ती माझ्या हातचं जेवते. माझ्याजवळ निजते. झोपेत अजून दचकते. तिला कोणी नेणार नाही, तिचं आयुष्य याच खोपीत जाणार, हे मला दिसतं, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. तिला अक्षरं शिकवायला घेतली आहेत.

तुमचं पाणी बंद राहील, ते मी जाणते. वाईट वाटतं. तुमच्या हातून एवढं झाल्यावरही वाटतं, हे लपवत नाही.

आज सकाळी भटजी पंचांग घेऊन बसले. जन्म झाला, नाव ठेवून झालं, म्हणाले, आता लग्नाचा मुहूर्त याच महिन्यातला धरू ना?

मी त्यांना सांगितलं, मुलगी अजून लहान आहे.

मनकर्णा